पदवी वेगळी, परवाना वेगळा: कॅलिफोर्नियात कम्युनिटी कॉलेजातून विशेष शिक्षक होण्याची वाट

कॅलिफोर्नियात विशेष शिक्षक, म्हणजे दिव्यांग मुलांना शिकवणारा शिक्षक, व्हायचं ठरवलं की पहिल्याच दिवशी एक गोष्ट पक्की समजून घ्यावी. कॉलेजची पदवी आणि शिकवण्याचा परवाना या तिथे दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. पदवी विद्यापीठ देतं. परवाना, ज्याला तिथे क्रेडेन्शियल म्हणतात, राज्याचा शिक्षक-परवाना आयोग देतो. बोलताना सगळे त्याला सीटीसी म्हणतात. कम्युनिटी कॉलेजातला (म्हणजे पदवीची पहिली दोन वर्षं शिकवणाऱ्या सार्वजनिक कॉलेजातला) काउन्सेलर तुम्हाला पदवीच्या दारापर्यंत नेऊन सोडतो. परवान्याचे नियम दुसऱ्या कार्यालयाचे, दुसऱ्या कागदांचे, आणि ते विचारल्याशिवाय फारसं कुणी सांगत नाही. म्हणून असं होतं, की दोन वर्षं मन लावून शिकलेला विद्यार्थी ट्रान्सफर होऊन विद्यापीठात जातो आणि चौथ्या वर्षी त्याला कळतं की आपला मेजर (पदवीचा मुख्य विषय) परवान्याला पुरेसा नाही, किंवा गुणांची सरासरी (जीपीए, ४ पैकी) पाव गुणाने कमी पडते आहे.

ही दुभागणी जुनी आहे. १९७० च्या रायन कायद्याने राज्यात ठरवलं की शिक्षकाने आधी एखाद्या विषयाची पदवी घ्यावी आणि अध्यापनाचं प्रशिक्षण त्यावर वेगळं घ्यावं. ते बंधन नंतर सैल झालं, पण मांडणीवर त्याचा ठसा अजून आहे. अमेरिकेतल्या बऱ्याच राज्यांत ‘स्पेशल एज्युकेशन’ नावाचीच चार वर्षांची पदवी सर्रास मिळते. कॅलिफोर्नियात बहुतेक जण लिबरल स्टडीज (अनेक शालेय विषय एकत्र असलेली पदवी) किंवा तत्सम पदवी घेतात, आणि परवान्याचे विषय त्या पदवीत विणलेले तरी असतात किंवा नंतर जोडलेले तरी. दुसऱ्या राज्यातल्या नातेवाइकाचा अनुभव इथे जसाच्या तसा लागू होत नाही, तो यामुळे.

फ्रीमॉन्ट, सनीव्हेल, सॅन होजे या पट्ट्यातल्या मराठी घरांसाठी एक गोष्ट सगळ्यांच्या आधी. तुमच्याकडे भारतातली पदवी असेल तर कम्युनिटी कॉलेजात नाव घालण्यापूर्वी तिचं मूल्यांकन करून घ्या. सीटीसीने मान्य केलेल्या मूल्यांकन संस्थांची यादी आयोगाच्या संकेतस्थळावर असते. त्यातलीच संस्था निवडायची, कारण नोकरीसाठी किंवा व्हिसासाठी दुसरीकडून केलेलं मूल्यांकन इथे चालेलच असं नाही. बी.ई. किंवा बी.टेक. चार वर्षांची असल्याने सहसा अडत नाही. बी.ए., बी.कॉम., बी.एससी. या तीन वर्षांच्या पदव्यांवर संस्थांचं एकमत नाही: काही त्यांना अमेरिकी बॅचलरच्या बरोबरीच्या धरतात, काही तीनच वर्षांचं शिक्षण धरतात. वर एम.ए. किंवा एम.कॉम. असेल तर बाजू बळकट होते. पदवी समकक्ष ठरली तर दुसऱ्यांदा पदवी घेण्याची गरजच उरत नाही. तुम्ही थेट पदवीनंतरच्या परवाना अभ्यासक्रमाला अर्ज करू शकता आणि दोन-तीन वर्षं वाचतात. विद्यापीठाकडून मोहोरबंद गुणपत्रिका मागवायला महिने जातात, म्हणून हे काम सर्वांत आधी सुरू करावं. भारतात विशेष शिक्षणाचं बी.एड. केलेल्यांनी, पुनर्वास परिषदेची नोंदणी असली तरी, ती इथे आपोआप चालेल असं धरू नये. मात्र परदेशात शिक्षक-प्रशिक्षण पूर्ण केलेल्यांसाठी सीटीसीचा वेगळा अर्जमार्ग आहे. तो आधी तपासावा.

ज्यांची पदवी समकक्ष ठरत नाही, ज्यांची अर्धी राहिली आहे, किंवा जी मुलं इथेच हायस्कूल संपवून निघाली आहेत, त्यांच्यासाठी पुढचं सगळं.

आधी कामाचं स्वरूप, कारण परवान्याचा प्रकार त्यावर ठरतो. विशेष शिक्षणाचा पाया १९७५ चा केंद्रीय कायदा आहे. १९९० पासून तो ‘आयडिया’ या नावाने ओळखला जातो. दिव्यांगत्वाचे १३ प्रकार त्यात मोजले आहेत आणि पात्र मुलाला फुकट, त्याच्या गरजेप्रमाणे, शक्य तितकं इतर मुलांच्या सोबतीने शिक्षण मिळालं पाहिजे असं त्यात बंधन आहे. प्रत्येक मुलाची लेखी योजना असते, तिला आयईपी म्हणतात. पालकांनी तपासणीला लेखी संमती दिल्यापासून कॅलिफोर्नियात ६० दिवसांत आयईपीची बैठक व्हावी लागते, वर्षातून एकदा योजनेचा आढावा होतो, दर तीन वर्षांनी फेरतपासणी. या तारखा सांभाळणं हा नोकरीचा फार मोठा भाग आहे, आणि तारीख चुकली तर तो कायद्याचा भंग ठरतो.

योजनेतलं एक उद्दिष्ट कसं असतं ते बघा. ‘रोहनचं वाचन सुधारेल’ असं लिहिलं तर ते उद्दिष्ट नव्हे. ‘पुढच्या वर्षीच्या आढाव्यापर्यंत, दुसरीच्या पातळीचा न पाहिलेला उतारा दिल्यावर, रोहन मिनिटाला ८० शब्द ९५ टक्के अचूकतेने वाचेल, तीन सलग मोजण्यांपैकी किमान दोनदा, शिक्षकाच्या नोंदवहीवरून तपासणी’ हे उद्दिष्ट झालं. आज तो मिनिटाला ४२ शब्द वाचतो, हेही त्याच पानावर हवं, नाहीतर वर्षाअखेर प्रगती कशावरून मोजणार? कॉलेजात निबंधलेखनाचा आणि संख्याशास्त्राचा कंटाळा करणाऱ्यांना हेच दोन विषय पुढे रोज लागतात.

परवान्याचं नाव एज्युकेशन स्पेशालिस्ट. त्याचे प्रकार पाच. ‘माइल्ड टू मॉडरेट सपोर्ट नीड्स’ हा सर्वांत जास्त घेतला जाणारा. अध्ययन अक्षमता, सौम्य स्वमग्नता, एडीएचडी (लक्ष टिकवण्याची अडचण) असलेली मुलं यात बहुसंख्येने भेटतात. ‘एक्स्टेन्सिव्ह सपोर्ट नीड्स’ म्हणजे ज्यांना दिवसभर, अनेक अंगांनी आधार लागतो अशी मुलं. हे दोन्ही परवाने बालवाडीपासून वयाच्या २२ वर्षांपर्यंत चालतात. त्याखेरीज लहान बाळांपासून बालवाडीपर्यंतचा, श्रवणदोषाचा आणि दृष्टिदोषाचा असे आणखी तीन. भारतात विशेष बी.एड. करताना एकेका दिव्यांगत्वाचा गट निवडण्याची सवय आहे. इथे पहिल्या दोन प्रकारांत विचार होतो तो मुलाला आधार किती लागतो याचा. कोणता घ्यायचा हे कम्युनिटी कॉलेजात ठरलं नाही तरी चालतं. पण प्रत्येक विद्यापीठात पाचही प्रकार शिकवत नाहीत, म्हणून श्रवणदोष किंवा दृष्टिदोषाकडे ओढा असेल तर विद्यापीठ त्यावरून आधी ठरवा.

आता कम्युनिटी कॉलेज. शुल्क युनिटला (कोर्सचं वजन मोजायचं एकक) ४६ डॉलर, म्हणजे ६० युनिटचे २,७६० डॉलर. उत्पन्न कमी असेल तर कॉलेज प्रॉमिस ग्रँटने तेही माफ होतं. पण हा दर राज्याच्या रहिवाशांना. बाहेरच्यांना तो कित्येक पट पडतो. एच-४ व्हिसावर (एच-१बी धारकाच्या कुटुंबाचा व्हिसा) असलेल्यांना कॅलिफोर्नियात रहिवासी ठरण्याची मुभा आहे: सत्र सुरू होण्याच्या ठरलेल्या तारखेआधी एक वर्ष आणि एक दिवस राज्यात वास्तव्य, आणि इथेच राहण्याचा इरादा दाखवणारे कागद, म्हणजे राज्याचं कर-विवरण, वाहन परवाना, भाडेकरार. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर ती मुभा नाही. प्रवेशाच्या अर्जात ‘नॉन-रेसिडेंट’ अशी नोंद झाली असेल तर ती आपोआप बदलत नाही. फेरविचाराचा अर्ज आपणच द्यायचा.

मेजर कोणता घ्यावा यावर आमचं मत ठाम आहे: कॉलेजात ‘एलिमेंटरी टीचर एज्युकेशन’ची ट्रान्सफर पदवी असेल तर तीच. ट्रान्सफर पदवीला एडीटी म्हणतात, ती २०१० च्या राज्य कायद्याने आली. ६० युनिट, किमान २.० सरासरी, आणि ती पूर्ण केली की कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटी (सीएसयू) या विद्यापीठ-समूहात तिसऱ्या वर्षात जागेची हमी. चाइल्ड डेव्हलपमेंट किंवा सायकॉलॉजी घ्यावंसं अनेकांना वाटतं, कारण नावावरून ते विशेष शिक्षणाच्या जवळचं वाटतं. अडचण अशी, की परवान्यासाठी तुम्हाला शालेय विषयांचं ज्ञान सिद्ध करावं लागतं. लिबरल स्टडीजची पदवी असली की ते पदवीवरूनच सिद्ध होऊ शकतं. सायकॉलॉजीच्या पदवीला मात्र सीसेट नावाची परीक्षा द्यावी लागते (मल्टिपल सब्जेक्ट्सचे तीन भाग, भाषा आणि इतिहासापासून विज्ञान, गणित, कलेपर्यंत), नाहीतर एकेका विषयाचे कोर्स जुळवून दाखवावे लागतात. एलिमेंटरीच्या एडीटीत हे विषय मुळातच पेरलेले असतात: जीवशास्त्र, भूविज्ञान, भौतिक-रसायनाची ओळख, प्राथमिक शिक्षकांसाठीचं गणित, जगाचा इतिहास, अमेरिकेचा इतिहास आणि शासन, प्रादेशिक भूगोल, साहित्य, बालविकास. शासनाच्या कोर्समध्ये परवान्याला लागणारी अमेरिकी राज्यघटनेच्या अभ्यासाची अटही सहसा भागते. परदेशी पदवीवर परवाना घेणाऱ्यांना ती वेगळी पुरी करावी लागते.

त्यातला प्राथमिक शिक्षकांसाठीच्या गणिताचा कोर्स हलका समजू नका. २३ आणि १८ चा गुणाकार सर्वांना येतो. तो चौकटीच्या चित्राने का जुळतो, हातचा म्हणजे नेमकं काय, अपूर्णांकाला अपूर्णांकाने भागताना उलटा का करायचा, हे तिथे विचारतात. आपल्याकडे गणित पाठांतराने पक्कं झालेली माणसं इथेच अडखळतात, आणि पुढे गणितात मागे पडलेल्या मुलासमोर बसल्यावर हाच कोर्स सर्वांत जास्त आठवतो.

याच पदवीत वर्गाची ओळख करून देणारा एक शिक्षणाचा कोर्स असतो, त्यात सार्वजनिक शाळेत किमान ४५ तासांचं निरीक्षण. तास भरायला सत्र पुरेल असं वाटतं, पण शाळेत पाय ठेवण्याआधी क्षयरोगाची तपासणी लागते, अनेक शाळा-जिल्ह्यांत (सार्वजनिक शाळा चालवणाऱ्या स्थानिक संस्थांत) बोटांचे ठसेही. त्याला तीन-चार आठवडे सहज जातात. सत्राच्या पहिल्या आठवड्यात अर्ज केला नाही तर शेवटच्या महिन्यात दिवसाला सहा-सहा तास बसावं लागतं. प्राध्यापक परवानगी देत असतील तर यातले काही तास विशेष वर्गात मागून घ्या. नोंदवहीत तारीख, आलेली-गेलेली वेळ आणि वर्गशिक्षकाची सही त्याच दिवशी घ्यायची. जूनमध्ये शाळा बंद झाल्यावर सहीसाठी कुणी सापडत नाही. या नोंदवहीची प्रत पाच वर्षं जपा, परवाना अभ्यासक्रमाच्या अर्जात ती पुन्हा लागते.

यासोबत सामान्य शिक्षणाचे कोर्स. २०२५ च्या फॉल (ऑगस्ट-सप्टेंबरला सुरू होणाऱ्या) सत्रापासून नवे विद्यार्थी कॅल-जीईटीसी या एकाच साच्यात येतात: ११ कोर्स, ३४ युनिट, प्रत्येकात किमान सी श्रेणी. एडीटीतले बरेच विषय दोन्हीकडे मोजले जातात, म्हणून काउन्सेलरसोबत तक्ता बनवताना एकाच कोर्सने दोन चौकटी भरतात का, हे प्रत्येक वेळी विचारा. आधी सुरुवात केलेले विद्यार्थी जुन्या साच्यात राहू शकतात, पण शिक्षणात खंड पडला तर तो हक्क जाऊ शकतो.

गडबडी कुठे होतात ते आता नीट बघू, कारण वर्षं इथेच वाया जातात.

पहिली, सरासरीची. एडीटीला २.० पुरते. परवाना अभ्यासक्रमात शिरायला सीएसयूमध्ये साधारण २.६७ ते २.७५ लागते. मधली दरी कुठेही ठळक लिहिलेली नसते. २.२ घेऊन ट्रान्सफर झालेला विद्यार्थी पदवी मिळवेल, पण परवान्याच्या दारात उभा राहील. आणि कम्युनिटी कॉलेजात डी किंवा एफ मिळालेला कोर्सच पुन्हा करता येतो. सी सुधारण्यासाठी तोच कोर्स सहसा परत घेता येत नाही. त्यामुळे सत्राच्या मध्यावर सी दिसत असेल तर शिकवणी केंद्रात जाऊन तो बी करणं हाच उपाय. पुढच्या सत्रात बघू म्हणून भागत नाही. मुदतीनंतर कोर्स सोडला तर मिळणारा डब्ल्यूसुद्धा एक प्रयत्न म्हणून मोजतात. एका कोर्सला सहसा तीनच प्रयत्न.

दुसरी, क्वार्टर आणि सेमिस्टरची. डी अँझा आणि फूटहिल ही कॉलेजं क्वार्टरवर (वर्षात तीन छोटी सत्रं) चालतात, ओलोनी आणि मिशन सेमिस्टरवर (दोन मोठी सत्रं). सेमिस्टरचे ६० युनिट म्हणजे क्वार्टरचे ९०. क्वार्टरचा ४ युनिटचा कोर्स सेमिस्टरच्या हिशेबात २.६७ होतो. दोन कॉलेजांत मिळून कोर्स घेणाऱ्यांच्या बेरजेत म्हणून अर्धा-एक युनिट कमी पडतं आणि ५९.३ वर अर्ज अडतो. दोन कॉलेजांत शिकत असाल तर तीन-चार युनिट जास्तीचे ठेवा. मात्र फार जास्तीचेही नकोत: कम्युनिटी कॉलेजातले सेमिस्टरचे ७० युनिटच सीएसयू पदवीत धरतं. त्यावरच्या कोर्समुळे विषयाची अट भागते, पण युनिट मोजले जात नाहीत.

तिसरी, ‘गोल्डन फोर’ची. लेखन, वक्तृत्व, तर्कशुद्ध विचार आणि गणित हे चार कोर्स किमान सी-मायनसने, फॉलमध्ये जाण्याआधीच्या स्प्रिंगपर्यंत पुरे झालेले हवेत. कॅल-जीईटीसीत तर पूर्ण सी लागतो, म्हणून सी-मायनसवर विसंबू नका. वक्तृत्वाचा कोर्स मराठी घरातले विद्यार्थी संकोचापोटी शेवटच्या सत्रावर ढकलतात, मग जागा मिळत नाही आणि अख्खा अर्ज एक वर्ष पुढे जातो. पहिल्या वर्षीच करून टाका. भारतातल्या कॉलेजातलं इंग्रजी या चौकटीत धरतील अशी आशा ठेवू नका. परदेशी विद्यापीठाचे कोर्स सामान्य शिक्षणाच्या प्रमाणपत्रात सहसा येत नाहीत.

चौथी गडबड कागदाची आहे. कॅल-जीईटीसी पुरं झालं तरी त्याचं प्रमाणपत्र कॉलेज आपणहून पाठवत नाही, ते मागावं लागतं. प्रमाणपत्र नसेल तर विद्यापीठ तुमचा एकेक कोर्स आपल्या नियमांनी तपासतं आणि दोन-तीन नवे कोर्स गळ्यात पडतात. एडीटीच्या पदवीसाठीही वेगळा अर्ज भरावा लागतो. ‘माझे सगळे कोर्स झालेत’ आणि ‘माझी पदवी नोंदवली गेली’ यात एका अर्जाचं अंतर आहे.

पाचवी हमीच्या अर्थाची. एडीटीची हमी सीएसयू समूहात जागेची आहे. हवं ते आवार (कॅम्पस) आणि हवा तो मेजर मिळेलच असं नाही. सीएसयूच्या नॉर्थरिजसारख्या काही आवारांत पदवी आणि परवाना एकत्र विणलेला अभ्यासक्रम चालतो, आणि ट्रान्सफर विद्यार्थ्याला त्यात तिसऱ्या वर्षी शिरता येतं. त्यात उतरायला वेगळा अर्ज, वेगळी मुदत, कधी मुलाखत असते, आणि युनिट १२० च्या वर जातात. विद्यापीठात प्रवेश मिळाला म्हणजे या अभ्यासक्रमातही मिळाला असं समजून अर्जच न करणारे बरेच निघतात.

सहावी जरा हळवी आहे. कम्युनिटी कॉलेजात विशेष शिक्षणाची ओळख किंवा पॅराएज्युकेटरचं (वर्गातल्या सहायकाचं) प्रमाणपत्र देणारे कोर्स असतात. ते उपयोगी आहेत, नोकरीला तर फारच. पण ते खालच्या (पहिल्या दोन वर्षांच्या) पातळीचे मोजले जात असल्याने परवान्याच्या वरच्या पातळीच्या कोर्सची जागा ते सहसा घेत नाहीत. असे बारा-पंधरा युनिट मोठ्या हौसेने घेतलेल्याला पुढे तोच विषय पुन्हा शिकावा लागतो, तेव्हा वाईट वाटतं. एखादा कोर्स आवड तपासण्यापुरता घ्या.

कोणता कोर्स कुठे चालतो हे ‘असिस्ट’ या राज्याच्या संकेतस्थळावर दिसतं. डावीकडे आपलं कॉलेज, उजवीकडे विद्यापीठ, मग वर्ष आणि मेजर. वर्ष निवडताना चूक होते: कोर्स ज्या वर्षी घेतला त्या वर्षाचा करार बघायचा, आजचा नव्हे. समोर ‘नो कोर्स आर्टिक्युलेटेड’ दिसलं तर तुमच्या कॉलेजात त्याला पर्याय नाही, तो शेजारच्या कॉलेजात किंवा ट्रान्सफरनंतर करायचा. पानाची छापील प्रत तारखेसकट ठेवा. खासगी आणि बाहेरच्या राज्यातली विद्यापीठं असिस्टवर नसतात, त्यांच्याकडून लेखी उत्तर घ्यावं लागतं.

अर्ज कॅल स्टेट अप्लायवर. फॉलसाठी १ ऑक्टोबरला खिडकी उघडते आणि नोव्हेंबर संपता संपता बंद होते. आवाराला ७० डॉलर शुल्क, पात्र रहिवाशांना चार आवारांपर्यंत माफ. एडीटीच्या चौकटीवर टिक करायला विसरू नका, आणि पदवीचं नेमकं नाव निवडा. चालू आणि पुढच्या सत्रातले कोर्सही अर्जात भरायचे असतात. नंतर त्यातला एखादा बदलला तर विद्यापीठाला लगेच कळवा. न कळवता बदलल्यामुळे मिळालेला प्रवेश उन्हाळ्यात रद्द होतो.

ट्रान्सफरनंतर तीन वाटा आहेत. विणलेला अभ्यासक्रम, त्यात दोन ते अडीच वर्षांत पदवी आणि परवाना दोन्ही. दुसरी, आधी पदवी, मग साधारण वर्ष-दीड वर्षाचा परवाना अभ्यासक्रम. तिसरी इंटर्नची: पदवी, विषयज्ञानाचा पुरावा, घटनेची अट आणि १२० तासांचं पूर्वप्रशिक्षण झालं की शाळा-जिल्हा तुम्हाला पगारावर शिक्षक म्हणून घेतो आणि संध्याकाळी तुम्ही शिकता. विशेष शिक्षणात शिक्षकांची टंचाई जुनी आहे, त्यामुळे इंटर्नच्या जागा सहज निघतात. घर चालवायचं असेल त्यांना ही वाट मोहात पाडते. पण पहिल्याच दिवशी वर्ग, आयईपीच्या तारखा आणि स्वतःचा अभ्यास तिन्ही अंगावर येतात. नियमित शिक्षकाखाली शिकायला मिळणारे महिने इंटर्नला मिळत नाहीत, आणि त्याची किंमत मुलंही मोजतात. आधी दोन-तीन वर्षं सहायकाचं काम केलेल्यानेच ही वाट धरावी असं आम्हाला वाटतं.

सहायकाची, म्हणजे पॅराएज्युकेटरची नोकरी कम्युनिटी कॉलेजात असतानाच मिळते. केंद्राचा टायटल वन निधी (कमी उत्पन्नाच्या घरातली मुलं जास्त असलेल्या शाळांचा) घेणाऱ्या शाळेत हायस्कूल शिक्षणाबरोबरच ४८ युनिट, किंवा असोसिएट (दोन वर्षांची) पदवी, किंवा जिल्ह्याची परीक्षा, यातलं एक लागतं. एच-४ वाल्यांना यासाठी कामाची परवानगी हवी. २०१५ पासून ती जोडीदाराचा आय-१४० (ग्रीनकार्डासाठी नोकरीदात्याने केलेला अर्ज) मंजूर असणाऱ्यांना मिळते. शिकायला मात्र एच-४ वर वेगळी परवानगी लागत नाही. परवाना हातात असणं आणि नोकरी करता येणं या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे अभ्यासक्रमावर पैसे घालण्याआधी घरात बोलून घ्यावं.

परवाना अभ्यासक्रमात एकूण ६०० तास प्रत्यक्ष वर्गात द्यावे लागतात. सुरुवातीची निरीक्षणं त्यात मोजतात, पण शेवटचा भाग पूर्ण दिवसाचा आणि बिनपगारी असतो. त्या सत्रात दुसरी नोकरी जवळजवळ अशक्य. तेवढ्या चार-पाच महिन्यांची शिल्लक आधीच बाजूला काढा. त्याआधी सीटीसीचं ‘सर्टिफिकेट ऑफ क्लिअरन्स’ (पार्श्वभूमी तपासल्याचा दाखला) लागतं, त्यासाठी लाइव्हस्कॅन यंत्रावर बोटांचे ठसे. शाळा-जिल्ह्यासाठी दिलेले ठसे आयोगाला चालत नाहीत, ते पुन्हा द्यावे लागतात. जुनी अटक किंवा खटला असेल तर लपवू नका. तो ठशांतून दिसतोच, आणि लपवणं हेच मग मोठं कारण होतं. सीबेस्ट या मूलभूत कौशल्यांच्या परीक्षेची धास्ती आता नको: २०२४ पासून बॅचलर पदवीनेच ती अट भागते. वाचन शिकवण्याची रिका ही जुनी परीक्षा जाऊन १ जुलै २०२५ पासून तिच्या जागी प्रत्यक्ष वर्गातल्या कामावर आधारित साक्षरता मूल्यमापन आलं आहे. वर्गातले व्हिडिओ, मुलांच्या कामाचे नमुने, त्यावर स्वतःचं विश्लेषण, असं ते असतं. व्हिडिओसाठी पालकांच्या संमतिपत्रांना वेळ लागतो, ती सत्राच्या सुरुवातीलाच वाटा.

पैशांत एक सापळा आहे. केंद्राची टीच ग्रँट वर्षाला ४,००० डॉलरपर्यंत मिळते आणि विशेष शिक्षण तिच्या यादीत आहे. बदल्यात शिक्षण संपल्यावर आठ वर्षांच्या आत चार वर्षं, कमी उत्पन्नाच्या भागातल्या शाळेत, पूर्णवेळ शिकवायचं. अट मोडली तर सगळी रक्कम कर्ज होते आणि व्याज पहिल्या दिवसापासून लागतं. व्हिसावर असलेल्यांना केंद्राची मदत नाही. नागरिक आणि ग्रीनकार्डधारकांना आहे. आधीच कर्ज असेल तर अशा शाळेत सलग पाच वर्षं शिकवणाऱ्या विशेष शिक्षकाला १७,५०० डॉलरपर्यंत माफी मिळते. दहा वर्षांच्या सार्वजनिक सेवेची कर्जमाफीही आहे, पण ती पाच वर्षं दोन्हीकडे मोजता येत नाहीत. कर्ज मोठं असेल तर दहा वर्षांची वाट सहसा फायद्याची पडते, तेव्हा पाच वर्षांचा अर्ज टाकण्याआधी दोन्ही आकडे कागदावर मांडा. सीएसयूचं वार्षिक शिक्षणशुल्क २०२५-२६ ला ६,४५० डॉलर आहे, आवाराचं शुल्क वेगळं.

शेवटी हातात येतो तो सुरुवातीचा (प्रिलिमिनरी) परवाना, मुदत पाच वर्षं. या मुदतीत इंडक्शन नावाचा, सहसा दोन वर्षांचा मार्गदर्शन कार्यक्रम पुरा केला की ‘क्लिअर’, म्हणजे पूर्ण परवाना. जिल्हा नोकरी देतानाच इंडक्शन फुकट देतो की त्याचे पैसे कापतो, हे नेमणुकीच्या कागदावर सही करण्याआधी विचारा. आणि तुमच्या वर्गात किती मुलं असतील तेही: रिसोर्स स्पेशालिस्टच्या (सर्वसाधारण वर्गातल्या मुलांना दिवसाचा काही भाग विशेष मदत देणाऱ्या शिक्षकाच्या) हवाली कायद्याने जास्तीत जास्त २८ मुलं ठेवता येतात. विशेष वर्गासाठी असा एकच राज्यभरचा आकडा नाही, तिथे जिल्ह्याचा शिक्षक संघटनेशी झालेला करार वाचावा लागतो.